हाड भरून येईपर्यंत उमेद कशी टिकवायची?

पहाटे पाचच्या सुमारास कोणत्याही तालुक्याच्या गावच्या मैदानावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. त्यांच्यातले एक-दोघे मात्र महिना-दोन महिने मैदानाकडे फिरकलेलेच नसतात. कुणाची नडगी दुखते आहे, कुणाचा गुडघा सुजला आहे, कुणाला टाच टेकवत नाही. मित्र विचारतात, ‘कधी येतोस?’ घरचे विचारतात, ‘अजून कसं बरं झालं नाही?’ या प्रश्नांना उत्तर नसते, म्हणून तो मुलगा किंवा ती मुलगी हळूहळू घराबाहेर पडणेच कमी करते. पुढे पाय बरा होतो, पण तोवर सराव सुटलेला असतो, अभ्यास सुटलेला असतो आणि मनही उडालेले असते.

या वेळचे आरोग्याचे पान आम्ही या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी कितीतरी जण भरतीला उतरतात. घरातली पहिली पगाराची नोकरी त्या धावण्यावर अवलंबून असते. त्यामुळे दुखापत नुसत्या पायाला होत नाही, सगळ्या घराच्या हिशेबाला होते. अशा वेळी ‘जिद्द ठेव’ एवढे सांगून कुणाचे भागत नाही. जिद्द त्यांच्याकडे होतीच, नाहीतर ते पहाटे चारला उठून धावले नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लांबलेल्या दुखण्यात उमेद जाते ती दोन कारणांनी. शरीरात काय चालले आहे ते कळत नाही, आणि आज दिवसभरात आपण काय कमावले ते मोजता येत नाही. या दोन्हींवर उपाय आहे.

पायात नेमके काय बिघडते?

धावणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त कुरकुर नडगीची असते. म्हणून आपण तेच उदाहरण घेऊ.

हाड दगडासारखे निर्जीव नसते. त्यात रोज थोडे जुने हाड काढले जाते आणि त्या जागी नवे भरले जाते. गवंडी जुन्या भिंतीतली कच्ची वीट काढून नवी बसवतो, तसे हे काम आयुष्यभर चालते. वीट काढायला वेळ थोडा लागतो, नवी बसवून ती पक्की व्हायला जास्त. हाडाचेही तसेच आहे. जुने काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, नवे भरून कठीण होण्याला काही महिने लागतात.

आता भरतीची जाहिरात आली की काय होते ते पाहा. कालपर्यंत दोन किलोमीटर धावणारा मुलगा आठवडाभरात आठ-दहा किलोमीटरवर जातो. धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि १६०० मीटरमध्ये अशी हजाराहून अधिक पावले पडतात. एवढा भार अचानक वाढला की जुने हाड काढण्याचे काम पुढे जाते आणि भरण्याचे मागे राहते. मग तीन-चार आठवड्यांनी नडगी ठणकू लागते. तरीही धावत राहिले तर हाडाला केसासारखी बारीक चीर पडते. डॉक्टर तिला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

यात नजर लागण्याचा काही संबंध नाही. दोन महिन्यांचे काम दोन आठवड्यांत उरकायचा प्रयत्न, हे त्याचे कारण आहे. कारण कळले की उपायही कळतो, म्हणून उतारा आणि दोऱ्यावर पैसे घालवू नका. हाडवैद्याकडून नडगी जोरजोरात चोळून घेणेही टाळा. चिरलेले हाड चोळल्याने भरत नाही, उलट दुखणे वाढते.

घरी ओळखायची एक साधी खूण आहे. नडगीच्या आतल्या कडेने चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, आणि अंग गरम झाल्यावर दुखणे कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला आणि स्नायूंना ताण आलेला असतो. तो तुलनेने लवकर बरा होतो. पण एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एकाच जागी जीव जावा असे दुखत असेल, साधे चालतानाही दुखत असेल किंवा रात्री झोपेत ठणका लागत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ही खूण फक्त सावध होण्यासाठी आहे, निदान डॉक्टरांनीच करायचे असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अशी बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे चांगला आला, म्हणजे काही झालेले नाही’ असे समजून कित्येक जण पुन्हा मैदानात उतरतात. दुखणे तसेच राहिले तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. गरज वाटली तर ते एमआरआय करायला सांगतील. खाजगीतला खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढा. रांगेत वेळ जातो, पण तिथे हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी एकाच आवारात मिळू शकते.

दुखणे थांबले म्हणजे हाड भरले असे नाही

उमेद मोडते ती बहुतेक वेळा इथे. दोन-तीन आठवडे आराम केला की दुखणे थांबते. मुलाला वाटते, झालो बरा. तो मैदानावर जातो, दोन दिवस मजेत धावतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लंगडत घरी येतो. असे दोन-तीनदा झाले की ‘माझा पाय आता कामातून गेला’ असे त्याच्या मनाने घेतलेले असते. प्रत्यक्षात पाय कामातून गेलेला नसतो. वीट बसवली होती, सिमेंट सुकले नव्हते, एवढेच.

नडगीच्या साध्या चिरेला साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. नडगीचा पुढचा भाग, पावलाच्या मधले छोटे हाड किंवा खुब्याजवळची हाडाची मान अशा काही जागी चीर असेल तर त्याहून अधिक महिने लागू शकतात. कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. गुडघ्यातला लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली असेल तर परतायला नऊ महिने किंवा त्याहून जास्त लागतात. त्याआधी घाईने उतरणाऱ्यांना तीच इजा पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे आपल्या सर्वांना माहीत आहे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि तिथून धावपटू म्हणून पुढे आला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२४ मध्ये तो पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला आणि त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. देशातले उत्तम डॉक्टर, उत्तम प्रशिक्षक ज्याच्या पाठीशी आहेत, त्यालाही शरीराने दोन महिन्यांची सवलत दिली नाही. मग आपल्यालाही ती मिळत नाही म्हणून स्वतःला दुबळे समजायचे काय कारण?

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारा. दुखापतीचे नाव काय? अंदाजे किती आठवडे लागतील? या काळात मी काय करू शकतो? तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तोच सर्वांत उपयोगाचा आहे. ‘आराम करा’ या दोन शब्दांवर घरी येऊ नका.

आराम म्हणजे रिकामे बसणे नव्हे

धावणे बंद झाले की दम कमी होतो, ही भीती खरी आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा अंश थोडा घटतो, त्यामुळे जिना चढतानाही धाप लागल्यासारखे वाटते. पण स्नायूंची ताकद साधारण तीन-चार आठवडे फारशी कमी होत नाही. शिवाय एकदा कमावलेला दम परत कमवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. कोरी पाटी घेऊन कुणीच परतत नाही.

दम टिकवायला पाय आपटावाच लागतो असेही नाही. हृदयाला आणि फुप्फुसांना तुम्ही धावता आहात की सायकल चालवता आहात हे कळत नाही. त्यांना फक्त काम किती पडले ते कळते. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि चालवताना दुखत नसेल, तर सायकल हे आपल्याकडे सहज मिळणारे साधन आहे. १६०० मीटरला तुम्हाला जेवढी मिनिटे लागायची तेवढी मिनिटे जोरात सायकल चालवा, मग तीन मिनिटे सावकाश. असे चार वेळा. आठवड्यातून दोन दिवस हे करा आणि बाकीच्या दोन दिवशी अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगाने चालवा. चांगले पोहता येत असेल आणि सोबत कुणी असेल तर पोहणेही उत्तम. छातीच्या वर पाणी असताना तरंगत्या पट्ट्याच्या आधाराने धावल्यासारखे पाय हलवणे हा खेळाडूंचा जुना सराव आहे. त्याने काही आठवडे दम चांगला टिकतो. मात्र विहिरीत किंवा नदीत एकट्याने कधीही उतरू नका.

यासोबत जमिनीवरचे व्यायाम. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, कोपरांवर प्लँक. मांडी, नितंब आणि पोट मजबूत असेल तर नडगीवरचा भार कमी होतो. फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू करा, आधी दोन्ही पायांवर आणि नंतर एका पायावर. धावपटूच्या पोटरीला हीच खरी तालीम आहे, आणि धावताना तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झालेले असते.

वही घाला

धावताना रोज काहीतरी मोजले जात होते. आज इतके मिनिट, इतके सेकंद, कालपेक्षा दोन सेकंद कमी. ते आकडे म्हणजेच उमेद होती. दुखापत झाली आणि आकडे बंद पडले. तेव्हा नवे आकडे सुरू करायचे.

दोनशे पानी एक वही घ्या. रोज एक ओळ लिहा. सकाळी उठल्यावर दुखणे किती, शून्य ते दहा. कोणते व्यायाम, किती वेळा. सायकल किती मिनिटे. झोप किती तास. अभ्यास किती तास. एवढेच. पंधरा दिवसांनी मागची पाने उलटून पाहा. पहिल्या आठवड्यात एका पायावर दहा सेकंद उभे राहता येत नव्हते, आता चाळीस सेकंद येते. सकाळचे दुखणे पाचावरून दोनावर आले आहे. हे रोजच्या रोज जाणवत नाही, वहीत मात्र दिसते.

या वहीचा दुसरा उपयोग असा की ती तुम्हाला फसू देत नाही. कोणताही नवा व्यायाम केला की त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. सकाळचा आकडा वाढला असेल तर काल जास्त झाले, आज कमी करायचे. वाढला नसेल तर पुढे जायला हरकत नाही. असा निर्णय मनाच्या लहरीवर किंवा मित्राच्या आग्रहावर सोडू नका, आकड्यावर सोडा.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाची प्रेरणा कशावर टिकते याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत. काहीतरी आपल्या हातात असणे, आपल्याला काहीतरी जमते आहे असा अनुभव येणे आणि आपली माणसे सोबत असणे. दुखापत या तिन्ही गोष्टी एकदम काढून घेते. वहीमुळे पहिल्या दोन परत मिळतात. तिसरीचा विचार पुढे करू.

गुणांचा हिशेब मांडा

‘धावणे गेले म्हणजे सगळे गेले’ असे वाटत असेल तर कागद-पेन घेऊन बसा. जिल्हा पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. म्हणजे १५० पैकी ३५ गुण धावण्याचे. उरलेल्या ११५ गुणांची बरीचशी तयारी पाय दुखत असतानाही करता येते. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी यांना पाय लागत नाही. गोळाफेकीसाठी खांदा, दंड आणि पाठीची ताकद बसून वाढवता येते.

मैदानी चाचणीत निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखीला बसता येत नाही, हेही खरे. म्हणून पाय बरा व्हायलाच हवा आणि त्याची घाई परवडणारी नाही. पण एरवी धावून दमल्यामुळे जो अभ्यास मागे पडायचा, तो पुढे नेण्याचा हाच काळ आहे. पहाटेचे दोन तास जे मैदानाला जात होते, तेच दोन तास विहारातल्या किंवा वाचनालयातल्या अभ्यासिकेला द्या. उठण्याची वेळ बदलू नका. पहाटे उठण्याची सवय एकदा मोडली की ती परत लावणे दम परत मिळवण्यापेक्षा अवघड जाते.

सोबत सोडू नका, घरच्यांनी सोबत द्यावी

दुखावलेला धावपटू पहिल्यांदा मैदान टाळतो. इतरांना धावताना पाहवत नाही, हे समजण्यासारखे आहे. पहिले काही दिवस टाळले तरी चालेल. नंतर मात्र आठवड्यातून दोन दिवस मैदानावर जा आणि हातात काम घ्या. घड्याळ लावून इतरांची वेळ नोंदवा, गोळ्याचे अंतर मोजा, नवीन मुलांना अंग गरम करायला शिकवा. ग्रुपवर रोज येणाऱ्या दुसऱ्यांच्या वेळा पाहून जीव खालीवर होत असेल तर तेवढा ग्रुप काही दिवस म्यूट करा. पण माणसे म्यूट करू नका.

मैदानावरच्या मित्रांना आणि अकादमीच्या सरांना एक विनंती. ‘दुखतंय तरी पळ, त्याशिवाय पाय तयार होत नाही’ हे वाक्य बंद करा. स्नायू दुखणे वेगळे आणि हाड दुखणे वेगळे.

घरच्यांचा वाटा किती मोठा असतो हे विल्मा रुडॉल्फच्या आयुष्यातून कळते. ती अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९४० साली एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मली. बावीस भावंडांत विसावी. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. त्या काळी वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना हव्या त्या दवाखान्यात उपचार मिळत नसत. तिची आई तिला बसने सुमारे ८० किलोमीटरवरच्या नॅशव्हिल शहरात कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत असे. घरी आई आणि भावंडे दिवसातून चार वेळा तिच्या पायाला मालीश करत. हे काही वर्षे चालले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच विल्माने १०० मीटर, २०० मीटर आणि रिले शर्यतीत तीन सुवर्णपदके जिंकली. पोलिओ आणि हाडाची चीर यांत फरक आहे, आणि प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण बरे होण्याचे रोजचे कंटाळवाणे काम त्या घराने वाटून घेतले होते, ते आपल्यालाही घेता येईल.

आईवडिलांनी ‘कधी बरं होणार?’ असे रोज विचारू नये. त्याऐवजी ‘आजचा व्यायाम झाला का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या हातात नसते, दुसऱ्याचे असते.

ताटात काय आहे?

हाड भरायला माल लागतो. धावणे बंद झाले म्हणून वजन वाढेल या भीतीने अनेक जण, विशेषतः मुली, जेवण तोडतात. हे उलट काम आहे. भरून येणाऱ्या हाडाला पोटभर अन्न लागते.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते, म्हणून रोज एक-दोन नाचणीच्या भाकरी खाव्यात. तीळ, दूध, दही, पालेभाज्या, आणि खात असाल तर जवळा आणि काट्यासकट खाता येणारी लहान सुकी मासळी, ही सगळी कॅल्शियमची घरे आहेत. प्रथिनांसाठी डाळ, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, सोयाबीन, अंडी. महागड्या डब्यातली पावडर नसली तरी काही अडत नाही. अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्यांना ऊन मिळत नाही आणि ड जीवनसत्त्व कमी पडते. डॉक्टरांना त्याची तपासणी करावी का ते विचारा. तंबाखू, गुटखा आणि सिगारेट हाड भरण्याचा वेग कमी करतात, हे वेगळे सांगायला नको.

मुलींसाठी दोन गोष्टी. सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आली नसेल तर ‘व्यायामामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. खाणे अपुरे पडत असल्याची ती सूचना असू शकते, आणि अशा मुलींची हाडे लवकर चिरतात. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दुसरे, हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ पेक्षा कमी असेल तर दम न टिकण्याचे कारण सरावात नसून रक्तात असू शकते.

परतताना

डॉक्टरांची परवानगी मिळाली आणि अर्धा तास भरभर चालूनही, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, काहीच दुखले नाही, तर धावायला सुरुवात करता येते. सुरुवात अशी: एक मिनिट सावकाश धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. दिवसाआड. वहीतला सकाळचा आकडा वाढला नाही तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे. मग तीन आणि एक. असे करत वीस मिनिटे सलग धावणे आले की मगच वेगाचा विचार करा. एकाच आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवू नका. १०० मीटरचा जोर आणि उड्या सर्वांत शेवटी. बुटाचा तळ झिजला असेल तर जुनेच बूट घालून परतू नका.

या टप्प्यावर पूर्वीची वेळ आठवून त्रास होतो. त्यासाठी वहीत नवे पान सुरू करा आणि वर लिहा, ‘दुखापतीनंतर’. तुलना फक्त या पानावरच्या आकड्यांशी करा. एखाद्या दिवशी दुखणे पुन्हा डोके वर काढेल. दोन दिवस थांबा, एक पायरी मागे या आणि पुन्हा चढा. दुखणे तरीही राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

जाहिरात मध्येच आली तर?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि गोड बोलून तो सुटत नाही. दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन चाचणी मारणारे असतात. गोळीने दुखणे कळेनासे होते, चीर तशीच राहते. अर्धवट भरलेले हाड पूर्ण मोडले तर प्रश्न एका भरतीचा राहत नाही.

निर्णय घेण्याआधी वयाचा हिशेब करा. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षांपर्यंत संधी असते. तुमचे वय २२-२३ असेल तर ही एक संधी सोडणे म्हणजे हरणे नव्हे. ही शेवटचीच संधी असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. अर्ज भरल्यापासून मैदानी चाचणीपर्यंत किती वेळ आहे, तेवढ्यात हाड किती भरेल, काय धोका आहे, हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

काही जणांना डॉक्टर सांगतील की इतक्या कडक धावण्याला हा पाय पुरणार नाही. ते ऐकणे जड जाते. पण केलेला अभ्यास वाया जात नाही. मैदानी चाचणी नसलेल्या सरळसेवा भरतीच्या अनेक परीक्षांना हेच अंकगणित, हेच व्याकरण, हेच सामान्य ज्ञान लागते.

मन फारच खचले तर

चिडचिड, रडू येणे, काही दिवस कशातच लक्ष न लागणे हे या काळात होणारच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप येत नसेल, जेवण जात नसेल, ‘माझा आता काही उपयोग नाही’ असे सतत वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवण्याचेच दुखणे आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर एक मिनिटही थांबू नका, फोन लावा आणि घरात कुणाला तरी सांगा. घरच्यांनीही ‘एवढ्याशा पायासाठी काय रडतोस’ असे म्हणू नये. तो रडतो ते पायासाठी नसते.

आज संध्याकाळी एवढे करा. वही आणा. पहिल्या पानावर दुखापतीचे नाव, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा. दुसऱ्या पानावर उद्याचे तीन व्यायाम आणि अभ्यासाचा एक धडा लिहा. पहाटेचा गजर नेहमीच्याच वेळेचा लावा.